प्रक्षेत्र दिनाचा इतिहास : शेत कोणाचं, जोखीम कोणाची, मोजमाप कोणाचं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांच्या डोक्यात एक साधा क्रम असतो. आधी प्रयोग, मग आकडेवारी, मग पेपर, आणि सगळ्यात शेवटी 'लोकांपर्यंत पोहोचवणं'. हे शेवटचं काम आपलं नाही, ते विस्तारवाल्यांचं, असंही आपण मनातल्या मनात ठरवून टाकलेलं असतं. आजच्या लेखात मला या शेवटच्या पायरीचा इतिहास सांगायचा आहे, तोही धान्य पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या संदर्भात. कारण हा इतिहास वाचताना दिसतं, की पद्धतीचे कितीतरी मूलभूत प्रश्न तिथेच, बांधावर उभ्या असलेल्या माणसांनी विचारले.

आधी शब्द स्पष्ट करू. पीक शेतात उभं असताना शेतकऱ्यांना तिथे बोलवायचं, दोन वाण किंवा दोन पद्धती शेजारी शेजारी दाखवायच्या आणि त्यावर चर्चा करायची, याला कृषी विज्ञान केंद्रांच्या भाषेत 'प्रक्षेत्र दिन' म्हणतात. विद्यापीठाच्या शेतावर हेच मोठ्या प्रमाणावर झालं की ती 'शिवारफेरी'. आणि एकाच गटाने पूर्ण हंगामभर पुन्हा पुन्हा शेतात जमायचं ठरवलं तर ती 'शेतीशाळा'. तिन्हींची नावं वेगळी, पण तिन्हींमध्ये तीन निर्णय लपलेले असतात : शेत कोणाचं, नुकसान झालं तर कोणाचं, आणि काय मोजायचं हे कोण ठरवणार. हे तीन प्रश्न मनात ठेवून पुढे वाचा.

देखणं कणीस आणि शाळकरी मुलगा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवा राज्यात मका हे मुख्य पीक होतं. शेतकरी आदल्या वर्षीच्या पिकातून कणसं निवडून ठेवायचे आणि तेच बियाणं पेरायचे. हिवाळ्यात ते खराब झालं असेल तर ते कळायचं पेरणीनंतर, शेतात खाडे पडले की. पेरी होल्डन या प्राध्यापकांनी १९०४ मध्ये यावर रेल्वेचा मार्ग शोधला. रेल्वे कंपनीच्या मदतीने खास गाडी निघायची, स्टेशनवर थांबायची, आसपासचे शेतकरी डब्यात जमायचे आणि होल्डन त्यांना बियाण्याची उगवण कशी तपासायची ते दाखवायचे. प्रत्येक कणसाचे थोडे दाणे काढून ओलसर जागेत, क्रमांक टाकलेल्या चौकटीत ठेवायचे आणि ज्या कणसाचे दाणे उगवणार नाहीत ते बाजूला काढायचं. एका कणसाला शेकडो दाणे असतात, म्हणजे एक मेलेलं कणीस बियाण्यात गेलं की शेकडो झाडांची जागा रिकामी. हिशेब इतका सोपा होता की तो प्रत्येकाला पटला.

पण होल्डन यांच्याच काळात दुसरी एक गोष्ट जोरात होती : मक्याच्या कणसांच्या स्पर्धा. परीक्षक गुणपत्रिका घेऊन बसायचे. कणीस सरळ हवं, ओळी एकसारख्या हव्यात, टोकापर्यंत दाणे भरलेले हवेत. ज्याचं कणीस देखणं, त्याला बक्षीस. लोक तेच कणीस बियाण्यासाठी उत्तम मानायचे.

हेन्री वॉलेस नावाच्या शाळकरी मुलाला प्रश्न पडला : देखण्या कणसाचं उत्पन्न खरंच जास्त येतं का? होल्डन यांनी त्याला पेरून पाहायला सांगितलं. त्याने तीसेक कणसं घेतली, प्रत्येकाचे दाणे वेगळ्या ओळींत पेरले, प्रत्येक ओळीचं उत्पन्न वेगळं मोजलं. परीक्षकांनी ज्याला सर्वोत्तम ठरवलं होतं ते कणीस उत्पन्नात खालच्या क्रमांकांत निघालं. हाच वॉलेस पुढे संकरित मक्याची कंपनी काढणारा, अमेरिकेचा कृषिमंत्री आणि नंतर उपराष्ट्राध्यक्ष झाला.

या गोष्टीत 'हुशार मुलगा आणि चुकलेले प्राध्यापक' एवढंच पाहू नका. होल्डन यांची उगवण चाचणी बरोबर होती, कारण ती थेट उगवणच मोजत होती. कणसांच्या स्पर्धेत मात्र मोजायचं होतं उत्पन्न आणि मोजलं जात होतं रूप. आपण ज्याला 'प्रॉक्सी' म्हणतो, म्हणजे खऱ्या गोष्टीच्या जागी सोयीची गोष्ट मोजणं, त्याचं हे पाठ्यपुस्तकी उदाहरण आहे. १९२० मध्ये आयोवात उत्पन्नावर आधारित मक्याच्या चाचण्या सुरू झाल्या आणि गुणपत्रिकेचं महत्त्व हळूहळू ओसरलं.

सरकारी नमुना शेत का चाललं नाही

त्याच सुमाराला टेक्सासमध्ये सीमन नॅप हे गृहस्थ वेगळ्याच अडचणीशी झगडत होते. सरकारी खर्चाने चालणारी नमुना शेतं त्यांनी आधी करून पाहिली होती. लोक यायचे, बघायचे, कौतुक करायचे आणि घरी जाऊन पूर्वीसारखंच पेरायचे. का? कारण साधं आहे. सरकारकडे पैसा आहे, मजूर आहेत, पीक गेलं तरी तिथल्या कोणाच्या घरात चूल विझणार नाही. 'त्यांना जमतं, आपल्याला कसं जमेल' ही शंका आळशीपणाची नव्हती. दोन शेतांमध्ये वाणाखेरीज इतर दहा गोष्टी वेगळ्या असताना फरक वाणामुळेच पडला असं मानायला शेतकरी तयार नव्हते. आपण याला गोंधळात टाकणारे घटक म्हणतो आणि पेपर नाकारतो. त्यांनी नमुना शेत नाकारलं.

१९०३ मध्ये टेरेल या गावाजवळ वॉल्टर पोर्टर यांच्या शेतावर नॅप यांनी रचना बदलली. कापसावरच्या बोंड-सोंड्याने तेव्हा टेक्सासचं कंबरडं मोडलं होतं. पोर्टर यांच्या सत्तर एकरांत कापूस आणि मका सांगितलेल्या पद्धतीने घ्यायचा, पण शेत त्यांचं, कष्ट त्यांचे आणि येणारं उत्पन्नही त्यांचंच. एक गोष्ट मात्र गावाने उचलली. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून निधी उभा केला, म्हणजे नुकसान झालंच तर त्यातून भरपाई देता येईल. हंगामाच्या शेवटी पोर्टर यांनी सांगितलं की नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुमारे ७०० डॉलर जास्त मिळाले. नॅप यांचं सूत्र असं होतं की माणूस ऐकलेल्यावर शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेऊ शकतो, पण स्वतः केलेल्यावर घेऊ शकत नाही. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने अमेरिकेत कृषी विस्ताराची देशव्यापी व्यवस्था उभी राहिली, तिच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

इथे आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बदलली. शेत शेतकऱ्याचं झालं आणि जोखीम वाटून घेतली गेली.

२५९ शेतकरी आणि नऊ वर्षं

संकरित मका १९२८ च्या सुमारास आयोवातल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू लागला. उत्पन्न साधारण वीस टक्के जास्त. मग सगळ्यांनी तो लगेच घेतला का? ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी आयोवातल्या दोन गावांमधल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेऊन हे तपासलं. त्यांचा लेख १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधन करणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा, विषय शेतीचा नसला तरी.

२५९ शेतकऱ्यांपैकी दोघं सोडून सगळ्यांनी १९४१ पर्यंत संकरित मका स्वीकारला होता. पण पहिल्यांदा ऐकल्यापासून स्वीकारण्यापर्यंत सरासरी नऊ वर्षं गेली. आणि पहिल्यांदा पेरतानाही बहुतेकांनी सगळं शेत त्याखाली आणलं नाही. आधी थोड्या ओळी, पुढच्या वर्षी थोड्या जास्त, असं करत तीन-चार वर्षांनी पूर्ण क्षेत्र. म्हणजे प्रत्येक शेतकरी स्वतःच्या शेतात स्वतःचा प्रयोग करत होता, बाजूला जुना वाण कंट्रोल म्हणून ठेवून.

दुसरा निष्कर्ष आणखी महत्त्वाचा. बियाण्याची पहिली माहिती जवळपास निम्म्या लोकांना विक्रेत्याकडून मिळाली, पण निर्णयावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा पडला असं विचारल्यावर सर्वाधिक उत्तर आलं : शेजाऱ्याचा. माहिती एकाकडून मिळते, खात्री दुसऱ्याकडून. प्रक्षेत्र दिनाचं सगळं बळ या दुसऱ्या भागात आहे. व्यासपीठावरून माहिती मिळते. खात्री मात्र जेवणाच्या पंगतीत, 'तुला पाणी किती लागलं रे?' या प्रश्नाच्या उत्तरातून येते.

गव्हाची राष्ट्रीय प्रात्यक्षिकं

आता भारतात येऊ. १९६३ मध्ये नॉर्मन बोरलॉग भारतात येऊन गेले आणि त्यानंतर मेक्सिकोतून बुटक्या गव्हाचं बियाणं इथल्या चाचण्यांसाठी आलं. आपले जुने उंच गहू जास्त नत्र दिलं की लोळायचे, त्यामुळे खताचा फायदा दाण्यात उतरत नव्हता. बुटक्या वाणांची ही अडचण नव्हती. पण बियाणं वाटून काम भागणारं नव्हतं, आणि याचं कारण वनस्पतिशास्त्रातलं आहे.

बुटकेपणा देणाऱ्या जनुकांमुळे या गव्हाच्या कोंबाभोवतीचं आवरण, म्हणजे कोलिओप्टाइल, आखूड झालं होतं. देशी गहू ओलीच्या शोधात खोल पेरायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. त्याच खोलीवर बुटका गहू पेरला तर कोंब वर येण्याआधीच दम तोडतो. त्यामुळे पेरणी सुमारे पाच सेंटिमीटरवर करायची. शिवाय पहिलं पाणी मुकुटमुळं फुटताना, म्हणजे साधारण विसाव्या-एकविसाव्या दिवशी द्यायचं. या दोन गोष्टी पत्रकात छापता येतात, पण पाभरीची खोली हाताने जुळवून दाखवावी लागते.

इथे डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांनी घेतलेली एक भूमिका मला फार महत्त्वाची वाटते. साठच्या दशकाच्या मध्यात राष्ट्रीय प्रात्यक्षिकांचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा प्रात्यक्षिकं लहान, गरीब शेतकऱ्यांच्या शेतांवर घ्यावीत असा त्यांचा आग्रह होता. त्यामागचा तर्क पाहा. मोठ्या बागायतदाराच्या शेतात गहू चांगला आला तर लोक म्हणणार, 'पैसेवाला आहे, येणारच.' लहान शेतकऱ्याच्या शेतात आला तर श्रेय तंत्राला जाईल. म्हणजे सॅम्पल कोणाचं घ्यायचं हा संख्याशास्त्राचा प्रश्न त्यांनी विश्वासाच्या बाजूने सोडवला. दिल्लीजवळचं जौंती हे गाव याच काळात बियाणे उत्पादनासाठी ओळखलं जाऊ लागलं. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आयात झालं आणि देशाचं गहू उत्पादन १९६४-६५ मधल्या सुमारे १.२ कोटी टनांवरून १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांच्या आसपास गेलं.

तरी या प्रात्यक्षिकांना एक मर्यादा होती. तिथे शास्त्रज्ञ स्वतः लक्ष घालत, बियाणं-खत वेळेवर पोहोचत असे. शेजारच्या शेतात हे सगळं वेळेवर मिळेलच याची हमी नसायची. प्रात्यक्षिकातलं उत्पन्न आणि गावाचं सरासरी उत्पन्न यांतली दरी म्हणजे शेतकऱ्याचं अज्ञान, असं समजणं सोपं असतं. त्या दरीत कालवा, कर्ज आणि खताचं दुकानही असतं.

ज्वारी : खरिपात हो, रब्बीत नाही

आता आपल्या घरचं उदाहरण. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा भारतातला पहिला संकरित ज्वारीचा वाण प्रसारित झाला. ताट बुटकं, पीक लवकर तयार, दाण्याचं उत्पन्न जास्त. महाराष्ट्रात खरीप ज्वारीत पुढे संकरित वाण मोठ्या प्रमाणावर पसरले. प्रात्यक्षिकं, मेळावे, बियाण्याचं वाटप, सगळं झालं. तक्रारीही सोबत आल्या. पीक लवकर तयार होतं म्हणजे कणसं पावसातच सापडतात, दाण्यावर बुरशी चढून ज्वारी काळी पडते, बाजारात भाव पडतो. ताट बुटकं म्हणजे कडबा कमी.

रब्बीत मात्र गोष्ट वेगळी झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ इथे स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, ही १९३० च्या दशकातली. पुढे रब्बीसाठीही संकरित वाण आले, तरी शेतकऱ्यांनी मालदांडी सोडली नाही. आजही रब्बी ज्वारी म्हटलं की तिचंच नाव आधी येतं.

याच राज्यातले शेतकरी, तेच पीक, आणि एका हंगामात होकार, दुसऱ्यात नकार. 'शेतकरी नवं स्वीकारत नाहीत' हे स्पष्टीकरण इथे चालतच नाही. रब्बी ज्वारी जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, खोडमाशीचा त्रास असतो, दाणा कोरड्या हवेत भरतो म्हणून मोत्यासारखा पांढरा राहतो. भाकरी गोड लागते, कडबा जनावरं आवडीने खातात आणि दुष्काळी भागात तो कडबा दाण्याइतकाच मोलाचा. प्रात्यक्षिकाच्या फलकावर 'क्विंटल प्रति हेक्टर' असं एकच मोजमाप असेल, तर या सगळ्या गोष्टी फलकाबाहेर राहतात. शेतकरी मात्र बांधावरून ताटाची उंची बघतो, दाणा दाताखाली फोडतो आणि त्याचं गणित करून मोकळा होतो. आयोवात परीक्षक उत्पन्न सोडून रूप मोजत होते. इथे आपण उत्पन्न मोजलं आणि कडबा, भाकरी सोडून दिली. चूक एकाच जातीची.

नंतरच्या काळात रब्बी ज्वारीच्या पैदाशीत कडब्याला आणि भाकरीच्या प्रतीला स्थान मिळालं, त्याचं श्रेय या नकाराला द्यायला हवं.

शेतीशाळा : मोजपट्टी शेतकऱ्याच्या हातात

तिसरा प्रश्न, मोजमाप कोणाचं, याचं सर्वांत धाडसी उत्तर इंडोनेशियात मिळालं. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत प्रचंड नुकसान केलं. जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, असं विचित्र चित्र होतं. पीटर केनमोर यांनी फिलिपिन्समध्ये केलेल्या पीएचडीच्या कामातून याचं कारण समोर आलं होतं : कीटकनाशकं तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक मारत होती. १९८६ मध्ये इंडोनेशिया सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण 'फवारू नका' हे फक्त सांगून शेतकरी ऐकतील कसे? शेतात कीड दिसत असताना हात बांधून बसणं म्हणजे पुन्हा जोखीम त्याचीच.

म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकऱ्यांचा गट, हंगामभर दर आठवड्याला शेतात. झाडं निवडायची, कीटक मोजायचे, मित्र कोण शत्रू कोण हे कागदावर चित्र काढून मांडायचं आणि फवारायचं की नाही हे गटानेच ठरवायचं. जाळीत कोळी आणि तुडतुडे एकत्र ठेवून कोण कोणाला खातो ते बघायचं. कोवळ्या भाताची पानं मुद्दाम कापून झाड किती भरून काढतं तेही बघायचं. प्रशिक्षकाने उत्तर द्यायचं नाही, उलट प्रश्न विचारायचा.

महाराष्ट्रात आज कृषी विभागाच्या शेतीशाळा चालतात, त्यांचं कूळ हेच.

मग परिणाम झाला का? इथे संशोधकांनी जागं व्हावं. फेडर, मुरगई आणि क्विझोन या अर्थतज्ज्ञांनी १९९१ आणि १९९९ ची त्याच कुटुंबांची माहिती वापरून २००४ मध्ये लिहिलं, की इंडोनेशियातल्या शेतीशाळांमुळे उत्पन्न किंवा कीटकनाशकांचा वापर यांत ठळक फरक दिसत नाही. इतर अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेऊन फवारणी कमी झाल्याचं दाखवलं. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही आणि तो का मिटत नाही हे समजून घेणं हाच मोठा धडा आहे. शेतीशाळेसाठी गावं चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. जी गावं निवडली गेली ती मुळातच वेगळी असू शकतात. बंदी तर देशभर होती, त्यामुळे शेतीशाळा नसलेल्या गावातही फवारणी बदलणार. शेजाऱ्याचं ऐकून शेजारी बदलला तर कंट्रोल उरतोच कुठे? रायन आणि ग्रॉस यांनी ज्या शेजाऱ्याला नायक ठरवलं, तोच इथे आकडेवारीचा घोळ करतो.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

तुमचा विषय शेतीचा असो, सार्वजनिक आरोग्याचा असो की पाण्याचा, क्षेत्रीय काम असेल तर आराखडा लिहिताना या तीन ओळी कोऱ्या कागदावर लिहून त्यांची उत्तरं द्या.

१. शेत कोणाचं? ज्यांच्यावर तुम्ही प्रयोग करताय ते सर्वसाधारण आहेत, की रस्त्यालगतचे, ओळखीचे, बोलके? स्वामिनाथन यांच्यासारखा निवडीमागचा तर्क एका वाक्यात लिहिता आला पाहिजे.

२. जोखीम कोणाची? तुमची शिफारस फसली तर कोणाचा हंगाम जाईल? टेरेलला व्यापाऱ्यांनी निधी उभारला होता. तुमच्या प्रस्तावात त्या निधीच्या जागी काय आहे?

३. मोजमाप कोणाचं? पाहणीची प्रश्नावली तयार करण्याआधी निदान दहा लोकांना विचारा, 'चांगलं म्हणजे काय हे तुम्ही कशावरून ठरवता?' तुमच्या रकान्यांत कडबा आहे का, ते तेव्हाच कळेल.

आणि जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा प्रक्षेत्र दिन असेल तर जरूर जा. मात्र भाषणं संपल्यावर लगेच निघू नका. लोक बांधावर पांगले की त्यांच्यासोबत चाला, कोण वाकून काय बघतोय, कुठलं पान उलटवतोय याची वहीत नोंद करा. तुमच्या प्रश्नावलीतले निम्मे प्रश्न तिथेच मिळतील.